सिस्टरना विचारा : बाळाला झोपवायचं कुठे?

मागच्या अंकात शेवटी एक ओळ टाकली होती की पुढच्या वेळी पाळणा, क्रिब (म्हणजे चारी बाजूंनी कठडा असलेला, न हलणारा बाळाचा पलंग), झोळी वगैरेंबद्दल बोलू, शंका असतील तर पाठवा. इतके प्रश्न आलेत की वाचता वाचता लक्षात आलं, बऱ्याच घरांत या विषयावरून सासू-सुनेचा अबोला चालू आहे. मी नवजात बाळांच्या वॉर्डात नोकरी केलेली बाई, फर्निचरवाली नाही, त्यामुळे कुठल्या कंपनीचा घ्या ते मी सांगणार नाही, काय बघून घ्या तेवढं सांगते. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळलीत.

सिस्टर, आमच्याकडे माझ्या सासूबाईंच्या वेळचा सागवानी पाळणा आहे, पितळी कड्या, चारी बाजूंना मोर कोरलेले. माझी तिन्ही मुलं त्यात वाढली. आता नात झालीय तर सून म्हणते बारशापुरता काढू, एरवी क्रिब आणू. घरात एवढा चांगला पाळणा असताना ते परदेशी खोकं कशाला? — एक आजी, मिरज

आजी, बारसं त्या पाळण्यातच करा, यात दुमत नाहीच. कुणी गोविंद घ्या कुणी गोपाळ घ्या म्हणायला आणि आत्याला पाठीत धपाटे घालायला असाच पाळणा पाहिजे, क्रिबच्या बाजूने ते सगळं करायला गेलं तर कसंतरीच दिसेल.

पण रोज झोपवायचं म्हणाल तर आधी शिवणाच्या डब्यातली टेप काढा आणि दोन दांड्यांच्या मधली जागा मोजा. ती ६ सेंटिमीटरच्या वर असेल तर बाळाला त्यात एकटं ठेवायचं नाही. हा आकडा मी मनाने सांगत नाहीये, अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून क्रिबला हाच नियम आहे, आणि त्याचं कारण असं की लहान बाळाचं अंग मऊ आणि लवचिक असतं, पायाकडून ते फटीतून सहज सरकतं, पण डोकं मोठं असल्यामुळे अडकतं आणि मग बाळ गळ्यावर लटकतं. हे सगळं आवाज न होता होतं. आपल्या जुन्या पाळण्यांत दांड्या छान कातलेल्या असतात पण लांब लांब असतात, आणि मोराच्या मानेखालची ती कोरलेली भोकं, त्यात हात, पाय, कधी डोकं जाईल अशी असतात, तीही मोजा.

तिन्ही मुलं त्यात वाढली हे खरं, पण आजी, ज्यांच्या घरी काही विपरीत झालं ती माणसं पाळण्याचं कौतुक सांगायला येत नाहीत, त्यामुळे आपल्याला फक्त चांगल्याच गोष्टी ऐकू येतात. शिवाय तेव्हाचं घर आठवा. मातीची ओली जमीन, विंचू-काटा, मुंग्या, म्हणून बाळ अधांतरी टांगलेलं बरं, आणि पाळण्याची दोरी कायम कुणाच्या तरी हातात. पणजी असायची, नाहीतर आत्या, नाहीतर शेजारची. आता फ्लॅटमध्ये रात्री दोन वाजता सगळे गाढ झोपलेले आणि पाळणा एकटा. बाळ जरा एका अंगावर सरकलं की टांगलेला पाळणा त्याच बाजूला कलतो, मग ते आणखी सरकतं आणि नाक बाजूच्या फळीला किंवा कापडाला जाऊन टेकतं. तीन-चार महिन्यांचं मूल तिथून मान फिरवून सुटेलच असं नाही.

अजून दोन गोष्टी. त्याला मधे कधीतरी ऑइलपेंट मारला असेल तर तो बहुतेक शिसंवाला. घरच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या वर नको हा नियम आपल्याकडे २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झालाय, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही, आणि दात यायला लागले की मूल कठडाच चावतं. नुसता घासून रंग काढू नका, ती धूळ जास्त वाईट, आणि त्या वेळी बाळ-बाळंतीण घरात नकोतच. दुसरं, पाळण्याबरोबर ट्रंकेतली जुनी दुपटी आणि गोधड्या बाहेर निघणार, आणि त्यात डांबरगोळ्या असणार. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांना डांबरगोळीचा वास नुसता अंगाला लागूनसुद्धा तांबड्या पेशी फुटतात आणि जबरदस्त कावीळ होते. बाळात ते कमी आहे हे आधी कुणालाच माहीत नसतं. म्हणून ते कपडे धुऊन, दोन-तीन दिवस कडक उन्हात टाकून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा, वास राहिला तर वापरूच नका.

तर माझा निवाडा असा, दिवसा तुम्ही शेजारी बसून, दोरी हातात धरून, अंगाई म्हणत झुलवा, फटी मोठ्या असल्या तरी तुमचे डोळे तिथे आहेत. रात्री मात्र बाळ सपाट, न हलणाऱ्या जागेवर. सुनेला म्हणावं क्रिब आण, पण दोरी माझी.

क्रिबबरोबर आठ वस्तूंचा सेट फुकट आलाय, कडेने लावायचे बंपर, दोन लोड, रजई, उशी, टेडी. आईने वेगळी मोहरीची उशी शिवून पाठवलीय डोकं गोल व्हायला. यातलं काय काय वापरायचं? — नवीन बाबा, पुणे

काहीच नाही. खरंच सांगते दादा, गादी आणि तिच्यावर ताणून बसवलेली चादर, बाकी सगळा सेट कपाटात टाका, टेडी फोटोपुरता काढा.

बंपर दिसायला गोड असतात, बाळाचं डोकं आपटू नये म्हणून लावतात, पण त्यात तोंड खुपसलं की बाळ आपलाच सोडलेला श्वास परत आत घेत राहतं, किंवा गादी आणि बंपरच्या मधे अडकतं, नंतर मोठं झालं की त्याच्यावर पाय ठेवून बाहेर पडतं. अमेरिकेत २०२२ साली कायदा करून कापूस किंवा फोम भरलेले बंपर विकायलाच बंदी घातली. आपल्याकडे ते प्रत्येक दुकानात सेटमध्येच येतात म्हणून लोकांना वाटतं की ते लागतातच.

मोहरीच्या उशीचं आईंना जरा सांभाळून सांगा, त्यांनी मायेने शिवलीय. पण पहिल्या वर्षात कुठलीच उशी नको, मोहरीची, कापसाची, मधे खड्डा असलेली, कुठलीच. उशीने मान पुढे वाकते आणि हनुवटी छातीला टेकली की श्वासनलिका दबते, आणि शिवण उसवून मोहरी नाका-तोंडात जायची भीती आहेच. डोकं एका बाजूने चपटं होतं हे खरं, त्यावर उपाय म्हणजे बाळ जागं असताना तुमच्यासमोर दिवसातून बऱ्याच वेळा पोटावर ठेवणं आणि क्रिबमध्ये एक दिवस डोकं इकडे, एक दिवस तिकडे करणं, म्हणजे दिव्याकडे किंवा आईकडे बघायला ते वेगवेगळ्या बाजूला मान वळवेल. बसायला लागलं की बरंचसं आपोआप सुधारतं. बाळ एकाच बाजूला मान ठेवत असेल आणि दुसरीकडे वळवतच नसेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, मानेचा स्नायू आखडलेला असू शकतो.

गादीचं बघा. क्रिब आणि गादी यांच्या मधे तुमची दोन बोटं शिरली तर गादी लहान आहे, बदलून घ्या, फटीत चादर कोंबून भरायची नाही. गादी घट्ट पाहिजे, हाताने दाबून हात उचलला की लगेच सपाट झाली पाहिजे, बाळाच्या डोक्याचा खड्डा पडता कामा नये. आपल्याला ती फारच कडक वाटेल, वाटू दे, बाळाची तक्रार नसते. नवीन गादीवरचं दुकानातलं प्लास्टिक काढून टाका, मेणकापड घालायचं असेल तर चादरीच्या खाली, चारी बाजूंनी खोचून.

पाठीवर झोपवल्यावर दूध ओकलं तर घशात जाऊन गुदमरणार नाही का? आमच्याकडे सगळे कुशीवर झोपवा म्हणतात. — बाळंतीण, लातूर

हा प्रश्न सगळ्यात जास्त आलाय, आणि भीती अगदी साहजिक आहे, पण शरीराची रचना उलटं सांगते. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली, त्यामुळे वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायला चढून जावं लागतं. पोटावर झोपवलं की हेच उलटं होतं, दूध सरळ खाली श्वासनलिकेच्या तोंडाशी. कुशीवर झोपवलेलं बाळ पोटावर पालथं व्हायला वेळ लागत नाही म्हणून कुशीही नको. अमेरिकेत १९९४ साली पाठीवर झोपवा अशी मोठी मोहीम सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं, औषध नाही, मशीन नाही, फक्त बाळ उताणं.

दूध पाजल्यावर खांद्यावर उभं धरून ढेकर काढा, मग ठेवा. डोक्याकडची बाजू उंच करायला गादीखाली उशी घालू नका, ओकणं त्याने थांबत नाही, बाळ मात्र घसरून खाली जाऊन दुमडतं. आणि एकदा बाळ स्वतःहून दोन्हीकडे पालथं-उताणं व्हायला लागलं की तुम्ही उताणं ठेवा, रात्री ते पालथं झालं तर उठून सारखं फिरवत बसायची गरज नाही, झोपा तुम्ही. फक्त वळायच्या खटपटीला लागलं की दुपट्यात गुंडाळणं त्या दिवसापासून बंद, कारण हात बांधलेले असताना पालथं झालं तर त्याला तोंड वर काढता येत नाही. ओकताना बाळ निळं पडत असेल, वजन वाढत नसेल, तर ही गोष्ट वेगळी, लगेच डॉक्टरकडे.

गावी ओळखीचा सुतार आहे, त्याच्याकडून क्रिब करून घ्यायचाय. माप सांगा ना. — चिपळूण

वा, हा प्रश्न मला आवडला. आपल्याकडचा चांगला सुतार दुकानातल्यापेक्षा मजबूत काम करतो, फक्त त्याला नेमकं सांगायला लागतं, नाहीतर तो हौसेने नक्षी करून ठेवतो.

आधी गादी ठरवा, मग क्रिब, हे सगळ्यात महत्त्वाचं. लोक क्रिब करून घेतात आणि मग गादीवाल्याकडे जातात आणि चहूबाजूंनी फट राहते. अमेरिकेतल्या क्रिबचं आतलं माप साधारण ७१ बाय १३३ सेंटिमीटर असतं, तुम्ही त्याहून लहान केलात तरी चालेल, गादी तंतोतंत बसली पाहिजे आणि जाडी १५ सेंटिमीटरच्या वर नको, जाड गादीने कठडा बुटका होतो. दांड्या उभ्याच, आडव्या नकोत, आडव्या म्हणजे शिडीच झाली. दोन दांड्यांच्या मधे साडेचार ते ६ सेंटिमीटर अंतर, सुताराला ६ सेंटिमीटरचा एक लाकडी ठोकळा करायला सांगा आणि तो कुठल्याही फटीतून आरपार जाता कामा नये असं बघा, दांडी हाताने ताणूनसुद्धा. साडेचारपेक्षा कमी केलंत तर हात-पाय अडकतात.

गादी ठेवायच्या फळीला दोन पातळ्या ठेवायला लावा. बाळ लहान असताना वरची, म्हणजे बाळंतिणीला सारखं वाकायला लागत नाही, सिझेरियन झालेलीला याचा खरा उपयोग. मूल बसायला लागायच्या सुमाराला खालची, आणि धरून उभं राहायच्या आत तर नक्कीच. खालच्या पातळीला फळीपासून कठड्याच्या वरपर्यंत निदान ६० सेंटिमीटर पाहिजे, थोडं जास्तच ठेवा.

चारी कोपऱ्यांच्या खांबांना वर गोंडे, कळस, लाकडी बोंड काही नको, कठड्याच्या बरोबरीने कापून गोल करायचे. त्यात झबल्याचा गळा किंवा साखळी अडकते आणि मूल लटकतं. जोडकाम खिळ्यांनी नको, नट-बोल्ट किंवा पक्कं खाच काम, आणि दर महिन्याला एकदा बोल्ट पिळून बघा, पावसाळ्यानंतर तर हमखास, तुमच्याकडे लाकूड फुगतं नि आकसतं. खाली वर होणारी बाजू करू नका, त्याचं कारण पुढच्या उत्तरात येतंय. वाळवीचं औषध मारलेलं लाकूड वापरायचं नाही. रंग लावायचाच असेल तर शिसं नाही असं डब्यावर छापलेलाच, आणि बाळ यायच्या निदान महिना-दोन महिने आधी, म्हणजे वास उडून जातो. मला विचाराल तर लाकूड नीट घासून गुळगुळीत करा आणि रंगाच्या भानगडीत पडू नका.

आणि हो, मुंग्या. क्रिबच्या पायाभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ मारतात, ते कीटकनाशक आहे, बाळाचा हात तिथे पोचतो. पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची जुनी रीत बरी, पाणी रोज बदला म्हणजे डास होणार नाहीत, आणि मूल रांगायला लागलं की वाट्या काढा.

आम्ही न्यू जर्सीत असतो, पहिलं बाळ जुलैमध्ये येतंय. मराठी मंडळातल्या एका काकूंनी त्यांच्या मुलांची क्रिब देऊ केलीय, एक बाजू सरकून खाली येते, एकदम मजबूत आहे, फुकट आहे. आई भारतातून येताना घडीचा पाळणाही आणणार म्हणतेय. — एडिसन

काकूंना मनापासून थँक्यू म्हणा आणि क्रिब घेऊ नका. सरकत्या बाजूची क्रिब अमेरिकेत २८ जून २०११ पासून विकायला बंद आहे, दुकानात नाही, गराज सेलमध्ये नाही, दान म्हणूनसुद्धा नाही, आणि पाळणाघरं नि हॉटेलांना डिसेंबर २०१२ पर्यंत मुदत देऊन त्यांच्याकडूनही काढायला लावल्या. त्या बाजूचे प्लास्टिकचे खटके कालांतराने तुटतात किंवा सैल होतात, बाजू एका कोपऱ्यातून निखळते, बघणाऱ्याला ती बंदच दिसते पण बाळाच्या वजनाने तिथे फट पडते आणि बाळ तिच्यात अडकतं. अशी मुलं दगावली म्हणूनच तो नियम आला. काकूंची क्रिब मजबूत असेलही, पण तिचे खटके किती जुने झालेत ते ना त्यांना सांगता येईल ना तुम्हाला. सर्वसाधारणपणे दहा वर्षांपेक्षा जुनी क्रिब कुणाचीही घेऊच नये. काकूंनाही सांगा की ती दुसऱ्या कुणाला न देता मोडून टाका.

तिकडे तुम्हाला एक सोय आहे जी आम्हाला नाही, नवीन क्रिब कुठलीही घेतली, अगदी स्वस्तातली, तरी ती त्या देशाच्या नियमात बसवूनच विकायला लागते. त्यामुळे महागड्या क्रिबमध्ये सुरक्षितता जास्त मिळते हा समज डोक्यातून काढा, तिथे तुम्ही लाकूड आणि रंगरूपाचे पैसे देता. सोबत येणारं रजिस्ट्रेशन कार्ड मात्र भरून पाठवा, काही दोष निघाला तर कंपनी तुम्हाला कळवते. घडीची प्ले-यार्ड, म्हणजे जाळीच्या बाजूंची घडी होणारी क्रिब, घेतली तर तिच्याबरोबर आलेलीच पातळ गादी वापरा, बाळाला टोचेल म्हणून वेगळी जाड गादी आत टाकायची नाही, जाळीच्या बाजूला खड्डा तयार होतो.

आईच्या पाळण्याबद्दल मिरजेच्या आजींना लिहिलंय तेच, जागेपणी झुलवायला आणू दे. तुम्हाला रात्री नीट झोप लागायची असेल तर तो रात्रीसाठी नको.

ऑटोमॅटिक पाळणा ईएमआयवर मिळतोय, रिमोट आहे, गाणी आहेत, बाळ त्यात लगेच झोपतं असं मैत्रीण म्हणते. — नाशिक

लगेच झोपतं, खरंय, आणि तिथेच गोची आहे, कारण झोपलं की आपण उचलत नाही. ज्या ज्या वस्तूत बाळ तिरपं किंवा अर्धवट बसल्यासारखं असतं, झोपाळा, बाउन्सर, कारसीट, त्यात झोपलं की मान पुढे पडते. अमेरिकेत फिशर-प्राइसचा एक तिरपा झुलता पाळणा होता, एप्रिल २०१९ मध्ये तो परत मागवला, जवळजवळ ४७ लाख नग, तीसहून जास्त बाळं त्यात दगावल्यावर. १० अंशांपेक्षा जास्त उतार असलेली झोपायची वस्तू आता तिथे विकताच येत नाही.

तुम्ही घेणार असाल तर बाळ आत ठेवून बाजूने बघा, पाठ सपाट आहे का झोळीसारखी गोल होतेय. गोल होत असेल तर घेऊ नका. सपाट असेल तरी झोप लागली की मशीन बंद करून बाळ क्रिबमध्ये. माझं वैयक्तिक मत विचाराल तर त्या हप्त्यांत बाळंतिणीच्या मदतीला दोन महिने बाई लावा.

मी आशा कार्यकर्ती आहे, बीड जिल्ह्यात. माझ्याकडच्या निम्म्या बाया दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, तान्ही बाळं बरोबर. कोपीत (ऊसतोडवाल्यांच्या झोपडीत) आणि फडाच्या, म्हणजे उसाच्या शेताच्या कडेला साडीची झोळी हाच पाळणा. त्यांना क्रिब सांगून मी काय करू? — आशाताई

ताई, क्रिब सांगूच नका, त्या हसतील आणि पुढचंही ऐकणार नाहीत. फडात झोळीच बरी आहे, खाली साप-विंचू, पाचट, बैलं, ट्रॅक्टर. आपण झोळी थोडी कमी धोक्याची कशी होईल तेवढं बघायचं.

कापड रुंद, नायलॉनची गुळगुळीत साडी नको, सुती, आणि दोन्ही टोकांना आडवी काठी घालून पसरट बांधायला सांगा, म्हणजे बाळ आत गोळा होऊन हनुवटी छातीला टेकणार नाही. आत ठेवल्यावर बाळाचं नाक नि तोंड उघडं दिसलं पाहिजे, ऊन लागतं म्हणून पदर टाकून झोळी बंद करतात, तिथे आत हवा कोंडते आणि उकाडाही होतो, त्याऐवजी झोळीच सावलीत. बांधायची जागा खाली, इतकी खाली की पडलंच तर इजा थोडी होईल, आणि चुलीपासून दूर.

सगळ्यात मोठा धोका लोकांना वाटतो त्याच्या उलट वयात आहे. मूल बसायला लागलं, रांगायला लागलं की झोळी बंद, हे दहा वेळा सांगा. तान्हं बाळ नुसतं पडून असतं पण मोठं मूल आत गिरक्या घेतं, किंवा मोठी भावंडं झोळीला पीळ घालून सोडायचा खेळ करतात, आणि पीळ गळ्याभोवती बसतो. पाच वर्षांच्या बहिणीवर बाळ सोपवून जातात, ती बिचारी जोरजोरात झोका देते, तिला दोष देऊन उपयोग नाही, पण पीळ घालायचा नाही एवढं तिलाच शिकवून ठेवा, मुलं ऐकतात. रात्री कोपीत मात्र झोळीतून काढून आईच्या शेजारी, घट्ट घडी केलेल्या गोधडीवर, उताणं, वर मच्छरदाणी. आणि आईने किंवा बापाने दारू घेतली असेल त्या रात्री बाळ त्या अंथरुणात नको, आजीकडे किंवा शेजारच्या कोपीत. हे बोलायला अवघड आहे, मला माहितीये, पण तुम्ही बोलू शकता.

क्रिब घेतली, आता तिच्यात धुतलेले कपडे असतात आणि बाळ आमच्या दोघांच्या मधे. रात्री चार वेळा उठून उचलायचं त्राण नाही हो. डॉक्टर ओरडतात. — ठाणे

निम्म्या महाराष्ट्राच्या क्रिबमध्ये कपडेच आहेत, तुम्ही एकट्या नाही.

डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे, बाळ आईबाबांच्याच खोलीत पण स्वतःच्या वेगळ्या जागेवर, निदान पहिले सहा महिने, कारण झोपेतले अचानक मृत्यू बहुतेक त्याच काळात होतात. पण तुम्ही थकलेल्या आहात हेही खरं, आणि थकलेली आई सोफ्यावर बसून पाजता पाजता झोपली तर ते सगळ्यात वाईट, सोफ्याच्या फटीत बाळ अडकतं. झोप येणारच असं वाटत असेल तर सोफ्यापेक्षा पलंग बरा, आणि त्यातल्या त्यात जमिनीवरची घट्ट गादी.

क्रिब पलंगाला चिकटून तुमच्या बाजूला आणा, कपडे कुठेतरी दुसरीकडे जाऊ देत. हात लांब केला की बाळ लागेल एवढं अंतर. शेजारी लावायच्या, एक बाजू उघडी असलेल्या क्रिब मिळतात, त्या घेतल्या तर पलंगाला पट्ट्याने घट्ट बांधलेल्या आणि दोन्ही गाद्या एका पातळीत पाहिजेत, मधे फट नको. बाबांना रात्रीचं एक उचलणं नि ढेकर काढणं नेमून द्या, दूध तुम्ही पाजा पण परत ठेवायला ते उठू देत, त्याने फार फरक पडतो.

आणि तरी कधी बाळ अंथरुणात आलंच तर मधे नको, तुमच्या बाजूला, पांघरूण नि उशा त्याच्यापासून लांब, केस बांधलेले. घरात कुणी सिगरेट ओढत असेल, झोपेच्या गोळ्या घेत असेल, दारू घेतली असेल, किंवा बाळ महिने भरायच्या आत झालेलं, कमी वजनाचं असेल, तर मात्र एक रात्रसुद्धा नाही. हे मी वॉर्डातून घरी जाणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची, काहींना राग यायचा.

डास फार आहेत, नागपूरचा उन्हाळाही. क्रिबवर मच्छरदाणी, वर कूलर, चालेल ना?

मच्छरदाणी हवीच, डेंग्यूपुढे पर्याय नाही. ती दांड्यांच्या बाहेरून घ्या आणि ताणून खोचा, आत लोंबणारं कापड नको, मूल उभं राहून ओढायला लागलं की वरची दोरी काढा नि खोलीच्या खिडक्यांना जाळ्या बसवा. कॉइलचा धूर बंद खोलीत नको, तसाच बाळंतिणीच्या शेगडीचा आणि धुरीचाही नको. कूलरचा झोत सरळ अंगावर नको, खोली थंड असली म्हणजे झालं. बाळाला तुमच्यापेक्षा फार तर एक कपडा जास्त, घरात टोपडं नको, मानेला मागून हात लावून बघा, घाम असेल तर एक कपडा कमी करा. गळ्यातला काळा दोरा, दृष्टीचा मणी, वाघनख, झोपवताना काढून ठेवा, दृष्ट लागू नये म्हणून पायात बांधा हवं तर, आणि तोही घट्ट नको. चिमणाळं, ते लोंबतं खेळणं, वर टांगलंय ते चार-पाच महिन्यांनी, मूल हातावर उठायला लागलं की काढा.

जुळी आहेत, एकाच क्रिबमध्ये ठेवली तर? — सोलापूर

नको. दोन लहान जागा करा, शेजारी शेजारी. जागा नसेल तर क्रिब लहान घ्या पण दोन घ्या.

आणि क्रिब बंद कधी करायची? आमची दीड वर्षाची कठड्यावर एक पाय टाकायला लागलीय. — कोल्हापूर

आजच. साधारण ९० सेंटिमीटर उंची झाली किंवा उभं राहिल्यावर कठडा मुलाच्या छातीपर्यंतच आला की क्रिब संपली, आणि पाय टाकायला लागली म्हणजे तिने तुमच्या आधीच ठरवलंय. गादी काढून जमिनीवर टाका, कपाट नि टीव्ही भिंतीला आवळून घ्या, दाराला कडी वर लावा.